माशांच्या टाकीला आंब्याचं तोरण

या, जवळ सरका. असे दाराशी, एक पाय वहाणेत घालून बसू नका. कीर्तनात असे बसणारे लोक आख्यान रंगात आलं की नेमके उठतात, हे मी आयुष्यभर पाहत आलोय. इथे सोप्यावर, ह्या दगडी बाकावर, माझ्या शेजारी बसा. गोष्ट प्लायवूडची आहे. पण तिच्यात देव आहे, मासे आहेत, थोडं सरकार आहे आणि बाकी सगळी माझी फजिती आहे. हसायला येईल तिथे हसा, माझ्या तोंडाकडे बघून थांबू नका. वाड्यावरचं, म्हणजे आमच्या वस्तीतलं, कोणी थांबलेलं नाही.

मी गोकुळदास. कारापूरला राहतो आणि साखळी गावातल्या एका पतसंस्थेत हेडक्लार्क आहे. कोणाला तंबाखू लागते, कोणाला पत्ते. मला कीर्तन लागतं. कुठे झांज वाजली की माझा पाय तिकडे वळतो. आमच्या देवळात श्रावणात भजनी सप्ताह होतो आणि समाप्तीच्या कीर्तनाला पेडण्याहून, म्हणजे आतल्या इब्रामपूरहून, नारायणबुवा येतात. बुवांना घरी उतरवून घ्यायचा मान दरवर्षी वाड्यावरच्या एका घराला मिळतो आणि त्या वर्षी तो आमच्या घराला आला. मी इतका हरखलो की पतसंस्थेत एका ठेवीदाराला नमस्काराऐवजी 'रामकृष्णहरी' म्हणालो. तो घाबरला. संस्था बुडाली की काय, असं त्याला वाटलं.

आता शेजारी पांडुरंग. त्याच्या घरी गार हवेचं यंत्र आहे, खुर्चीचा संडास आहे आणि हॉलमध्ये आपला चेहरा दिसेल अशी फरशी आहे. मान मला मिळाला हे कळल्यावर तो मुद्दाम येऊन बसला, चहा प्याला आणि जाताना म्हणाला की काही अडचण झालीच तर बुवांसाठी आपलं दार उघडंच आहे. हे उघडं दार पुढे सप्ताह संपेपर्यंत माझ्या छातीवर बसलं होतं.

पांडुरंगाच्या फरशीपुढे आपल्याकडे बुवांना दाखवण्यासारखं काय आहे? एक जुनं मेज, दोन खुर्च्या आणि ओल आलेली भिंत. आणि मग मला मागच्या वर्षीचं कीर्तन आठवलं. बुवांनी मत्स्यावतार लावला होता. ओंजळीत आलेला इवलासा मासा कमंडलूत मावेना, कमंडलूतला रांजणात मावेना, रांजणातला तळ्यात मावेना, असं बुवा हात पसरत पसरत सांगत होते, आणि शेवटी त्यांचा हात पेटीवाल्याच्या कानाला लागला तेव्हा समुद्र आला. ठरलं. बुवा आपल्या हॉलमध्ये पाऊल टाकतील तेव्हा समोर मासे पोहत असतील.

म्हापशाच्या दुकानात काचेच्या टाक्या मिळतात, पण त्या मला मिठाईच्या दुकानातल्या कपाटांसारख्या दिसतात. शिवाय आमच्याकडे माळ्याची दारं केली तेव्हाचं प्लायवूड उरलं होतं, आणि फोनवर एक गोरा गृहस्थ शीळ घालत प्लायवूडची टाकी करताना मी पाहिला होता. तीन बाजू आणि तळ लाकडाचा, पुढे एक काच, आतून राळेचा लेप. झालं. त्याची बायको शेवटी येऊन टाळ्या वाजवते. माझ्या बायकोने, देवकीने, फोन बघितला, मला बघितलं आणि म्हणाली, “हो मनीस शीळ घालता. तुमचे हात अश्या वेळार थरथरतात.”

टाकी पहिल्यांदा बिस्किटांच्या डब्याएवढी करायची होती. ते माप मी बाल्कावात खडूने आखलं आणि तिथेच चुकलो. बाल्काव म्हणजे आमचा पुढचा व्हरांडा. तिथे केलेलं काम खाजगी राहत नाही. पांडुरंग येऊन उभा राहिला आणि उंदरांचा त्रास वाढलाय का, असं विचारलं. मी माप वाढवलं. मग जयराम आला. जयराम मूळचा दोडामार्गाकडचा, खाणी चालू होत्या तेव्हा टिपर चालवायचा, आणि कुठल्याही वस्तूकडे बघून तिच्यात किती माल बसेल हे सांगायची त्याची सवय गेलेली नाही. तो म्हणाला, “गोकळदास, ह्येच्यात मासो वळतलो कसो? त्येका रिव्हर्स घेवक व्हयो ना?” मी पुन्हा माप वाढवलं. मत्स्यावतारात मासा वाढत गेला म्हणून भांडं वाढलं. इथे माशाचा पत्ता नव्हता आणि भांडं आपलं आपण वाढत होतं. शेवटी माळ्याची चालू स्थितीतली दारंही काढावी लागली. तिथली भांडी आता देवकी स्वयंपाक करत असताना वरून तिच्याकडे बघतात.

राळ आमच्या मुलीने, तनयाने, आणली. ती वास्कोला नोकरी करते; बंदरावर होड्यांना आतून लावतात तो लेप तिने दोन डब्यांत आणला. एका डब्याचं झाकण सैल होतं. त्या वासापायी बसमधल्या माणसांनी तिला अख्खा मागचा भाग मोकळा करून दिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण वास्कोहून पाय पसरून आलो, असं ती म्हणाली. लेप लावताना मी देवाचं नाव घेत होतो. माझी डावी चप्पल अजून बाल्कावाच्या जमिनीला चिकटलेली आहे. ही घ्या, पायाजवळ बघा. ओढू नका, जमीन येते.

एवढं झाल्यावर पांडुरंगाने सहज विचारलं की परवानगी घेतली ना? मी हसलो. रात्रभर मात्र हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी एका कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं की ही विहीर आहे, टाकी आहे की बांधकाम? मी म्हणालो, मासे ठेवायची पेटी. मग ती मत्स्यशेती, ते खातं वेगळं. त्या खात्यात विचारलं, मासे विकणार का? नाही. खाणार? मी कानांवर हात ठेवले. मग नेमकं करणार काय? “बुवांना दाखवणार,” मी म्हणालो. त्या गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला आणि अतिशय मायेने मला चहा पाजून परत पाठवलं. माणूस सरकारी असला तरी वेडसर दिसणाऱ्याशी बरा वागतो, हा अनुभव मी कृतज्ञतेने नोंदवतो.

टाकी गळते का बघायला मी ती पाण्याने भरून बाल्कावात ठेवली होती. गळली नाही. थेंबसुद्धा नाही. मी सगळ्या वाड्याला बोलावून टाकीखालची कोरडी जमीन दाखवली. जमीन बघायला आलेल्यांत आरोग्य केंद्राची शीतलही होती. ती पावसाळ्यात घराघरांतलं साचलेलं पाणी तपासत फिरते. तिने जमीन पाहिलीच नाही. बॅटरी पाण्यात मारली आणि म्हणाली, “काका, तुमच्याकडे डासांची बालवाडी भरलीय.” खरंच, पाण्यात बारीक बारीक जीव उलटे सुलटे नाचत होते. मला वाटलं होतं की देवानेच सुरुवात करून दिली.

तिने सांगितलं की एक तर पाणी ओता, नाहीतर मासे सोडा. मासे मी आणणारच आहे, सोनेरी आणणार आहे, असं मी ऐटीत सांगितलं. पण शीतलच्या पिशवीत सरकारी गप्पी होते. विहिरींत सोडतात ते, डासांची पिल्लं खाणारे, तांदळाच्या धुवणाच्या रंगाचे. तिने पिशवी उलटी केली, पुढच्या काचेवर 'तपासले' असा कागद चिकटवला आणि गेली. अशा रीतीने ज्या मत्स्यावतारासाठी मी घर अर्धं मोडलं तो आमच्याकडे फुकट, खात्यामार्फत आणि डासनिर्मूलनाच्या कामावर आला.

पण काय सांगू, जीव लागला. टाकी हॉलमध्ये घेतली, आणि श्रावण असल्यामुळे वाड्यावरची माणसं तिच्यासमोर जरा जास्त वेळ उभी राहू लागली. श्रावणात आम्ही कोणी नुस्तें खात नाही. मासळीला आमच्याकडे नुस्तें म्हणतात आणि ते नसलं की जेवण झालं असं धरत नाहीत. जयराम तर हात मागे बांधून, देवासमोर उभा राहावा तसा उभा राहायचा. एकदा त्याने नि:श्वास सोडून, हे लहान आहेत, असं म्हटलं. त्याच्या मनात काय होतं ते मी विचारलं नाही.

आणि याच नुस्त्यावरून सगळं अडलं.

सप्ताहाच्या तयारीची बैठक होती. पांडुरंगाने खाकरून मुद्दा मांडला की सप्ताहात ज्या घरी बुवांचं पान वाढायचं, त्या घरात नुस्तें असून चालेल का?  मी म्हणालो, ते जिवंत आहेत. पांडुरंग म्हणाला की बाजारात मुडदुशे मासेही कधी कधी जिवंत असतात.  मी घरी येऊन देवकीला सांगितलं, तर तीच पांडुरंगाच्या बाजूची निघाली. पदराला हात पुसत म्हणाली, “घरांत नुस्तें आसतना बुवांचें पान हांव कशें वाडूं? तुमीच सांगात.”  तिची काही चूक नव्हती. श्रावण लागला की ती मासळीची सुरीसुद्धा घासून परसात टांगते.

शेवटी देवाला विचारायचं ठरलं. आमच्याकडे अडलं की देवाला प्रसाद लावतात. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, भटजींनी गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. भटजींनी गाऱ्हाणं घातलं: हे महाराजा, ह्या गोकुळदासाच्या घरात लाकडी पेटी आहे, पेटीत पाणी आहे, पाण्यात मासे आहेत, त्या घरात बुवांनी अन्न घेतलं तर तुला मान्य आहे काय? आम्ही श्वास धरून बघत बसलो. पावसाळी हवा. पाकळ्या ओल्या गच्च. हलेनात. जयरामने हळूच विचारलं की पंखा लावूया का? भटजींनी एकच नजर टाकली, तो खांबामागे गेला. किती वेळ गेला कोण जाणे. पांडुरंगाला जांभई आली, माझे गुडघे गेले, आणि मग दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या.

भटजींनी दोन्ही पाकळ्या उचलून तळहातावर घेतल्या. मग भटजी म्हणाले की देवाने हे बुवांवर सोडलेलं दिसतं. पांडुरंग म्हणाला की तोवर आपलं दार उघडं आहे.

समाप्तीच्या दिवशी सकाळी बुवा येणार होते. मी पहाटे उठून आंब्याचे टाळे आणले. दाराला तोरण बांधलं, देवघराला बांधलं, आणि थोडी पानं उरली. ती मी टाकीला बांधली. म्हणजे, बांधायला काही आधार नव्हता, म्हणून काचेच्या दोन्ही अंगांना, लाकडात, छानपैकी एक एक खिळा ठोकला. तुमच्या चेहऱ्यावरून तुम्हाला कळलेलं दिसतं. मला कळलं नाही. पाहुणा येतोय, तोरण पाहिजे, तोरणाला खिळा पाहिजे. इतकंच माझ्या डोक्यात होतं. बुवांच्या स्वागतासाठी मी पाण्याच्या टाकीला खिळे ठोकले, आणि वर हळदकुंकू लावलं.

बुवा आले. पाय धुतले, आत आले. बरोबर पांडुरंग, भटजी, जयराम आणि अर्धी बैठक.  बुवा निकाल देतील तसा मी जगणार होतो: इथे जेवतील, नाहीतर त्यांची वळकटी उचलून मीच ती पांडुरंगाच्या फरशीवर नेऊन ठेवायची. देवकी स्वयंपाकघराच्या दारात उभी. आत भाज्यांचं खतखतें शिजलेलं, केळीची पानं पुसून ठेवलेली, आणि पान मांडायचं की नाही ते तिला माहीत नव्हतं.

पांडुरंगाने सगळं प्रकरण नीट सांगितलं. खोटं काही सांगितलं नाही, हे मला कबूल आहे. बुवा टाकीसमोर मांडी घालून बसले. म्हातारा माणूस, नजर कमी झालेली, काचेला नाक लागेपर्यंत वाकले. गप्पी सगळे काचेशी जमले. तोंडं उघडतात, मिटतात, उघडतात. बुवांनी बसल्या बसल्या एक चाल गुणगुणली. मासे हलले नाहीत.

“पांडुरंगा,” बुवा म्हणाले, “ताटांत येता तें नुस्तें. हे तर म्हजे श्रोते.” मग जरा थांबून, “आनी श्रोते अशे की एकूय डोळे धांपिना. तुमी मागच्या खेपेक कितलें घोरलेले, याद आसा मूं?”

हसण्याचा जो स्फोट झाला त्यात पांडुरंगही हसला. मागच्या वर्षी डोळे मिटून तोच घोरला होता. बुवा देवकीकडे वळून म्हणाले, “वयनी, पान वाड. भूक लागल्या.” देवकी आत वळली, आणि मला केळीच्या पानावर पाणी शिंपडल्याचा आवाज आला. तेवढ्या आवाजासाठी मी माळ्याची दारं पुन्हा एकदा काढून दिली असती.

इथे मी गोष्ट थांबवली असती तर माझी अब्रू राहिली असती. पण बुवा जेवून उठले, सुपारी कातरत टाकीसमोर बसले आणि म्हणाले, “गोकुळदास, तुजें तोरण रडटा रे.”

आंब्याच्या पानांवरून थेंब पडत होते. खिळा लेपातून आरपार गेला होता आणि सकाळपासून माझं माळ्याचं प्लायवूड पाणी पीत बसलं होतं. टाकीची एक बाजू गरोदर बाईसारखी पुढे आली होती. जयराम म्हणाला, खिळा काढून बघूया. कोणी नको म्हणायच्या आत त्याने काढला. पाण्याची धार सरळ माझ्या मेजावर, मेजावरून बुवांच्या वळकटीवर.

मग जे झालं ते मी डोळ्यांसमोर आणून अजून हसतो, तेव्हा मात्र रडत होतो. पांडुरंग धावत घरी जाऊन बादली घेऊन आला, मी चहाची गाळणी घेऊन मासे पकडू लागलो, आणि मासे बरोबर गाळणी नसेल तिकडे जात होते. काच किणकिणायला लागली. तेव्हा देवकी देवघरात गेली आणि अभिषेकाची तांब्याची कळशी घेऊन बाहेर आली. सोवळ्यातली कळशी. जिला मी हात लावला तर ती मला आंघोळीला पाठवते, ती कळशी तिने टाकीत बुडवली आणि म्हणाली, “हांगा घाल त्यांकां. बुवांचे श्रोते ते.”

कळशी भरली, बादली भरली, बुवांचा तांब्या भरला, पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, उंडे आणायचं पातेलंसुद्धा भरलं. शेवटचा गप्पी निघाला आणि टाकीने एक हात लांब सुस्कारा सोडून हॉलभर पाणी टाकलं. 'तपासले'चा कागद तरंगत येऊन माझ्या पायाला लागला.

आता एवढे मासे नेणार कुठे? बुवा उठून उभे राहिले. कफनी ओली, उपरणं ओलं. म्हणाले, तळी आहे ना देवळाची? चला. कमंडलूतून रांजणात, रांजणातून तळ्यात. आणि त्यांनी दारातच अभंग उचलला. बुवा पुढे, मागे डोक्यावर कळशी घेतलेली देवकी, बादलीवाला पांडुरंग, पातेलं धरलेला जयराम, आणि सगळ्यांत मागे गाळणी घेतलेला मी, एका पायात चप्पल. पाऊस भुरभुरत होता. जयरामने एका हाताने झांज वाजवायचा प्रयत्न केला आणि पातेल्यातले मासे ताल धरू लागले.

पलीकडच्या वाड्यावरची माणसं बाहेर आली. ओली माणसं, भांडी, अभंग, तळीकडे चाललेली मिरवणूक. त्यांना वाटलं, विसर्जन. श्रावणात कसलं विसर्जन ते त्यांना कळेना, पण माणसं सश्रद्ध. एकाने पुढे येऊन बादलीला हात जोडले. दुसऱ्याने मला अदबीने विचारलं की कोणाचं? माझं, मी म्हणालो. त्याने मलाही नमस्कार केला. शेवटी तळीशी पोचेपर्यंत आमच्यामागे अर्धं गाव होतं, दोन नारळ होते आणि कोणीतरी आणलेली आरतीसुद्धा होती. मासे आरती होऊन पाण्यात गेले.

संध्याकाळी बुवा माझं धोतर आणि पांडुरंगाचं उपरणं घालून कीर्तनाला उभे राहिले. अर्थात मत्स्यावतार. पूर्वरंगात ज्ञान आलं, भक्ती आली, आणि उत्तररंगात दृष्टांत म्हणून गोकुळदास आला. ओंजळ आली, डबा आला, माळ्याची दारं आली, आणि तोरणाचा खिळा असा काही आला की पेटीवाल्याचा सूर चुकला. लोक डोळे पुसत होते. मी मान खाली घालून पुढच्या रांगेत बसलो होतो. मग बुवांचा आवाज खाली आला. ते म्हणाले की भगवंत आला की माणूस आपल्याकडचं सगळ्यांत मोठं भांडं काढतो. ते फुटतंच. फुटलं तर फुटूं दी, पण काढलेलं असूं दी. आणि त्यांनी माझ्याकडे न बघता गजर लावला. मला पुढचं नीट दिसलं नाही. श्रावणातली हवा, डोळ्यांना त्रास होतो.

त्यानंतर बुवा सप्ताहाला आले नाहीत. आधी आजारी पडले, मग पुढच्या पावसाच्या आधी इब्रामपूरलाच देवाघरी गेले. निरोप आला तेव्हा पांडुरंग माझ्याकडे आला, सोप्यावर बसला, आणि चहा न पिताच उठला. त्याचं ते उपरणं तो अजून कोणाला धुवायला देत नाही.

तेव्हा एक मागणं आहे. कधी इकडे आलात तर देवळाच्या तळीच्या शेवटच्या पायरीवर बसा. कुरमुरे नका टाकू. नुसते जरा वाका, हळू आवाजात काहीतरी गुणगुणा, आणि इब्रामपूरच्या नारायणबुवांचं नाव घ्या. धुवणाच्या रंगाचे ते बारीक जीव तुमच्यापुढे गोळा होतील, डोळे न मिटता तोंडं उघडतील, मिटतील. त्यांना चाल येते. शब्द तेवढे तुम्ही म्हणा.